समेवर आलेली शर्यत

१३ ऑगस्ट २००८ च्या सकाळी बीजिंगच्या ‘वॉटर क्यूब’ तलावात पुरुषांच्या २०० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत झाली. मायकल फेल्प्सने ती १ मिनिट ५२.०३ सेकंदांत जिंकली आणि स्वतःचाच विश्वविक्रम सहा शतांशांनी सुधारला. हंगेरीचा लाझ्लो चेह दुसरा आला, जपानचा ताकेशी मात्सुदा तिसरा. फेल्प्सचं हे ऑलिंपिकमधलं दहावं सुवर्णपदक होतं. तोवर कुठल्याही खेळाडूला नवाच्या पुढे जाता आलं नव्हतं. तरीही टच झाल्यावर त्याचा चेहरा आनंदी नव्हता. त्याने टोपी आणि गॉगल ओरबाडून काढले आणि डोळे चोळले. डाइव्ह घेतल्यापासून गॉगलमध्ये पाणी शिरत होतं आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं.

ही शर्यत मी अनेकदा पाहिली आहे. फेल्प्सच्या देहयष्टीचं, त्याच्या लांब हातांचं कौतुक भरपूर झालं आहे. मला या शर्यतीचं रसग्रहण वेगळ्या अंगाने करावंसं वाटतं. ही एका प्रशिक्षकाने केलेली रचना आहे. बॉब बोमन यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगात ती बांधायला घेतली आणि बारा वर्षांनी, ते स्वतः काठावर हतबल उभे असताना, ती पाण्यात उमटली.

हतबल हा शब्द मी जपून वापरतो आहे. कुस्तीत वस्ताद आखाड्याच्या कडेवरून डाव सुचवतो. खो-खोत सर बाहेरून ओरडतात. क्रिकेटमध्ये पाण्याच्या बाटलीबरोबर निरोप जातो. जलतरणात असं काही नाही. पोरगं ब्लॉकवरून सुटलं की त्याच्या कानात फक्त पाणी असतं. काठावरची शिट्टी, हातवारे, आरोळ्या हे सारं सरावाच्या वेळी उपयोगी पडतं, शर्यतीत नाही. म्हणून लहान मुलांना पोहायला शिकवणाऱ्याची खरी परीक्षा एकाच ठिकाणी होते: आपला आवाज पोचत नाही तिथे आपण शिकवलेलं किती उरतं?

आता शर्यत बघू. २०० मीटर म्हणजे पन्नास मीटरच्या तलावात चार लेंथ. पहिल्या लेंथमध्ये नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही, आणि तिथेच पहिलं सौंदर्य आहे. गॉगलमध्ये पाणी आलं म्हणून त्याचं डोकं वर उचललं जात नाही, खांदे आखडत नाहीत. गॉगल काढून टाकण्याची सोयही त्याला नव्हती, कारण पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये दाबलेला होता. बटरफ्लायमध्ये घाबरण्याची किंमत ताबडतोब मोजावी लागते. डोकं थोडं जास्त वर आलं की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पायांचा मार वाया जातो. फेल्प्सच्या पहिल्या शंभर मीटरमध्ये असं काही होत नाही. लय तशीच आहे.

तिसऱ्या लेंथपासून तळ धूसर होतो. जलतरणपटूच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे समजून घ्यायला हवं. तलावाच्या तळाशी लेनच्या मधोमध काळी रेघ असते आणि भिंतीपासून दोन मीटरवर ती आडव्या पट्टीने संपते. पोहणारा त्या आडव्या पट्टीवरून भिंत ओळखतो. ती दिसली नाही तर भिंत कधी येईल हे कळायला दुसरं साधन एकच, हातांची मोजणी. फेल्प्सने नंतर सांगितलं की तो हात मोजत होता. शेवटच्या लेंथला एकोणीस, वीस, फार तर एकवीस हात लागतील असा त्याचा अंदाज होता. विसाव्यानंतर अजून एक हवा असं त्याला जाणवलं. त्याने एकविसावा पूर्ण ताकदीने मारला, आणि हात पुढे पोचले तेव्हा भिंत तिथे होती.

या मोजणीतली गोम सहज लक्षात येत नाही. थकव्याबरोबर हाताची पकड सुटत जाते आणि प्रत्येक हातामागे कापलेलं अंतर कमी होतं. त्यामुळे जेवढे हात दुसऱ्या लेंथला लागले, तेवढेच चौथ्याला लागतील असं नसतं. मोजणाऱ्याला आकडा पाठ असून भागत नाही. आज, या क्षणी, आपण किती थकलो आहोत याचं अचूक भान लागतं. शिवाय फ्लायमध्ये दोन्ही हातांनी एकदम भिंत शिवावी लागते. भिंत अर्ध्या हातावर आली तर दोनच वाटा उरतात: नुसतं घरंगळत जायचं किंवा घाईने आखूड हात मारायचा. दोन्हींत वेळ जाण्याचा धोका आहे. पूर्ण ताणलेल्या हातांनी भिंत लाभणं म्हणजे नेमकं समेवर येणं.

सम हा शब्द मी सजावटीसाठी आणलेला नाही. विलंबित ख्यालात गायक ठेक्यापासून दूर जातो, आलापात रमतो, मात्रा बोटांवर मोजत नाही, आणि तरी समेवर अलगद येऊन बसतो. त्याच्या आतला ठेका चालूच असतो. तो कुणीतरी वर्षानुवर्षं बसवलेला असतो. बोमन यांनी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात बालविकासाच्या मानसशास्त्राबरोबर संगीताचाही अभ्यास केला होता. मूल कसं वाढतं आणि लय कशी बांधली जाते, या दोन्हींत ज्याचं मन आहे अशा माणसाची छाप मला या एकवीस हातांवर दिसते.

ती छाप कशी उमटली? बाल्टिमोर शहरातल्या ‘नॉर्थ बाल्टिमोर अ‍ॅक्वाटिक क्लब’मध्ये फेल्प्स सातव्या वर्षी आला, थोरल्या बहिणी पोहायच्या म्हणून. पाण्यात तोंड घालायची त्याला भीती वाटत होती, म्हणून सुरुवातीला त्याला पाठीवर तरंगायला शिकवलं गेलं. बीजिंगमध्ये डोळ्यांत पाणी घेऊन शंभर मीटर पोहणारा हाच तो मुलगा, हे लक्षात ठेवून शर्यत पाहिली की तिचा अर्थच बदलतो. १९९६ मध्ये बोमन त्या क्लबात आले तेव्हा फेल्प्स अकरा वर्षांचा होता. शाळेत त्याचं लक्ष टिकत नव्हतं, त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालेलं होतं.

अशा मुलासाठी बोमन यांनी पहिली गोष्ट आणली ती पाण्याबाहेरची. स्नायू सैल सोडण्याच्या व्यायामांचं एक पुस्तक त्यांनी त्याच्या आईला, डेबी फेल्प्स यांना दिलं. त्या शिक्षिका होत्या. रात्री मुलगा अंथरुणात पडला की त्या ते वाचून दाखवत: मूठ घट्ट आवळ, सोड, ताण निघून जाऊ दे. त्याच्या जोडीला बोमन यांनी त्याला मनातल्या मनात शर्यत बघायला लावलं. रोज झोपताना आणि उठल्यावर, डाइव्हपासून टचपर्यंत, एकेक हात सावकाश. सरावात ते नुसतं ‘व्हिडिओटेप लाव’ असं म्हणत आणि मुलाला कळे. त्या टेपमध्ये सगळं सुरळीत झालेली शर्यत होती, तशीच बिघडलेलीही. गॉगलमध्ये पाणी शिरलं तर काय, हा प्रसंग मनात आधीच घडून गेलेला होता.

मग प्रत्यक्ष पाण्यातले अडथळे. ऑस्ट्रेलियातल्या एका स्पर्धेत बोमन यांनी शर्यतीआधी फेल्प्सच्या गॉगलवर मुद्दाम पाय दिला आणि त्याला तडा गेला. मुलगा तसाच उतरला, गॉगल भरला, आणि तो हात मोजत पोहला. पुढे मिशिगनमध्ये असताना त्यांनी त्याला अंधारात पोहायला लावलं. या गोष्टी ऐकून काही प्रशिक्षकांना हुरूप येतो आणि ते मुलांना उगाच छळायला लागतात. त्यांनी क्रम नीट बघावा. आधी मोजणी अंगात मुरली, मग गॉगल फुटला. आधी शांत झोपायला शिकवलं, मग अंधार आला. आणि अडथळा ठेवला तो जिथे हरण्याची किंमत परवडेल अशा स्पर्धेत, ऑलिंपिकमध्ये नाही. शिदोरी बांधून दिल्यावर वाट अवघड करणं हे शिक्षण आहे. शिदोरी न देता तसं करणं ही क्रूरता आहे.

अपयश आलं तेव्हा बोमन काय करत, हेही पाहण्यासारखं आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांचा फेल्प्स याच शर्यतीत पाचवा आला. दुसऱ्या दिवशी बोमन यांनी त्याला सरावाला उतरवलं. सरावाच्या कागदावर ‘ऑस्टिन’ आणि ‘विश्वविक्रम’ असं लिहिलेलं होतं. ३० मार्च २००१ रोजी ऑस्टिनमध्ये फेल्प्सने १ मिनिट ५४.९२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याचं वय तेव्हा पंधरा वर्षं नऊ महिने होतं, आणि इतक्या लहान वयात जलतरणाचा विश्वविक्रम कुठल्याही पुरुषाने केला नव्हता. पाचव्या क्रमांकाचं दुःख करायला मुलाला वेळ मिळाला नाही, कारण पुढची भिंत आधीच नेमून दिलेली होती.

बीजिंगची शर्यत चमत्कार वाटू नये म्हणून तिच्यासमोर लंडन ठेवावं. २०१२, तीच शर्यत, तोच फेल्प्स, गॉगल स्वच्छ, भिंत स्पष्ट दिसते आहे. जवळजवळ पूर्ण शर्यत तो पुढे होता. शेवटी तो हात न मारता घरंगळत भिंतीकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेच्या चाड ले क्लोसने पाच शतांशांनी सोनं नेलं. डोळ्यांनी दिसणारी भिंत चुकली. बीजिंगनंतरच्या वर्षांत सरावात ढिलाई झाली होती, हे फेल्प्सने स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. आतला ठेका एकदा बसला म्हणून कायमचा राहत नाही. रियाज सुटला की सम हातातून निसटते. आणि रियाज परत आला की तीही येते: २०१६ मध्ये रिओत, एकतीस वर्षांचा असताना, त्याने हीच शर्यत चार शतांशांनी परत जिंकली.

गुणांबरोबर उणंही सांगायला हवं. २००८ हे वेगवान पोहण्याच्या पोशाखांचं वर्ष होतं. त्या काळातल्या आकड्यांकडे ती जाण ठेवूनच पाहिलं पाहिजे. बीजिंगचा विक्रम केव्हाच मागे पडला. आज या शर्यतीचा विश्वविक्रम हंगेरीच्या क्रिस्तोफ मिलाकच्या नावावर १ मिनिट ५०.३४ सेकंद असा आहे. आणि एक अधिक गंभीर गोष्ट. फेल्प्सने पुढे आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं. इतक्या लहानपणी एकाच भिंतीकडे वळवलेल्या मुलाला ती भिंत शिवून झाल्यावर काय करायचं, हे त्या आराखड्यात पुरेसं नव्हतं. बोमन यांची रचना मला थोर वाटते, आणि तिच्यातली ही जागा रिकामी आहे हेही मला दिसतं. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती भरायला हवी.

बीजिंगच्या त्या शर्यतीच्याच आठवड्यात, त्याच तलावात, कोल्हापूरचा सोळा वर्षांचा वीरधवल खाडे फ्रीस्टाइलच्या शर्यती पोहत होता. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधी आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचं पदक मिळालं होतं ते १९८६ मध्ये सोलला, खजान सिंग यांचं रौप्य. शर्यत होती २०० मीटर बटरफ्लाय. चोवीस वर्षांच्या या खंडाचं कारण मुलांच्या अंगात शोधू नये. कोल्हापूर, पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही तलावावर पहाटे जा. काकडत उभी असलेली, ओठ निळे पडलेली, तरी शिट्टीसरशी पाण्यात झेपावणारी पोरं दिसतील. ती लेंथमागून लेंथ मारतात आणि वर येऊन एकच विचारतात, “सर, टायमिंग किती?” काठावर बसलेले आईबापही तेवढंच विचारतात.

टायमिंग शर्यत संपल्यावर कळतं, आणि ते दुसऱ्याच्या घड्याळात असतं. हातांची मोजणी शर्यत चालू असताना मुलाजवळ असते आणि ती फक्त त्याची असते. बोमन यांनी फेल्प्सला दिलं ते हेच, आणि म्हणून बीजिंगच्या त्या सकाळी, प्रशिक्षकाचा आवाज आणि तळाची रेघ दोन्ही नाहीशी झाली तरी, मुलाजवळ शर्यत शिल्लक होती. लहान वयातल्या प्रशिक्षणाचं यापेक्षा शुद्ध उदाहरण मी पाहिलेलं नाही.

तुमचं मूल तलावावर जात असेल तर उद्या ते बाहेर आल्यावर टायमिंग विचारू नका. अंगावर टॉवेल टाका आणि विचारा, शेवटच्या लेंथला किती हात लागले? त्याला सांगता आलं नाही, तर त्याच्या सरांशी बोला. शिकवण्याची सुरुवात तिथून करायची आहे.