क्रमबद्ध सबक्वेरी : एका रूढ समजुतीची परीक्षा

एस्‌क्यूएल या पृच्छाभाषेतील विधान अपेक्षित उत्तर देईनासे झाले म्हणजे दोष प्रथम यंत्रणेवर ढकलण्याची प्रवृत्ती विद्यार्थ्यांत, आणि क्वचित अध्यापकांतही, आढळते. विशेषतः सबक्वेरीत, म्हणजे एका पृच्छेच्या पोटात घातलेल्या दुसऱ्या पृच्छेत, 'ऑर्डर बाय' लिहून ओळी क्रमाने लावल्या आणि बाहेरच्या पृच्छेने तो क्रम पाळला नाही, की डेटाबेस बिघडला असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. परंतु त्यावर दिले जाणारे शास्त्रोक्त उत्तरही पुरेसे नाही, असे आमचे मत आहे.

शास्त्रोक्त उत्तर असे : एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात कोष्टक हा ओळींचा संच होय, आणि संचाला क्रम नसतो. सबक्वेरीचे फलित हेही कोष्टकच. सबब आत लावलेला क्रम बाहेर टिकावा या अपेक्षेस आधार नाही. मारियाडीबीचे अधिकृत विवेचन नेमकी हीच भूमिका घेते. क्रमाची हमी सर्वांत बाहेरच्या 'ऑर्डर बाय'नेच मिळते. येथवर वाद नाही.

आता एक उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांनी एकच परीक्षा अनेकदा दिली असून प्रत्येकाचा अखेरचा निकाल हवा आहे. मायएस्‌क्यूएल वापरणारे अनेकजण यासाठी आत दिनांकाच्या उतरत्या क्रमाने ओळी लावीत व बाहेर विद्यार्थिक्रमांकावर 'ग्रुप बाय' करीत. प्रत्येक गटातील पहिली ओळ हाती येई, आणि तीच अखेरच्या निकालाची असे. हा वस्तुतः योगायोग होता. आतले कोष्टक आधी प्रत्यक्ष तयार होत असल्यामुळे तो टिकला. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीत आतली पृच्छा बाहेरच्या पृच्छेत विलीन होऊ लागली, व बाहेर गटबांधणी असल्यास आतला क्रम सरळ टाकून दिला जाऊ लागला. त्याच आवृत्तीने गटाशी अनिश्चित संबंध असलेले स्तंभ निवडण्यास मूळ स्थितीतच मनाई केली, म्हणून पुष्कळांना निदान त्रुटीचा संदेश तरी दिसला. परंतु जुनी कामे अडू नयेत म्हणून ज्यांनी ती मनाई उठविली, त्यांच्या यादीत नव्या गुणांच्या जागी जुने गुण येण्याचा मार्ग मोकळा झाला, तोही क्रम टाकून दिल्याची कसलीही सूचना न मिळता. शिष्यवृत्तीची यादी अशा पृच्छेतून निघत असेल, तर संचाला क्रम नसतो हे वचन ऐकवून त्या विद्यार्थ्याचे समाधान कसे व्हावे?

मायक्रोसॉफ्टच्या एस्‌क्यूएल सर्व्हरने अधिक प्रामाणिक मार्ग पत्करला : 'टॉप'सारखी मर्यादा नसेल तर सबक्वेरीतील 'ऑर्डर बाय' तो नाकारतोच. यावर लोकांनी 'टॉप १०० पर्सेंट' ही पळवाट शोधली. २००५ च्या आवृत्तीपासून तीही निरर्थक ठरली, कारण शंभर टक्के ओळी घेणे म्हणजे काहीच न वगळणे, हे यंत्रणेने ओळखले. मग काहींनी ९९.९९ टक्के लिहिले. येथे अपूर्णांक वरच्या पूर्णांकात धरला जातो, त्यामुळे लहान कोष्टकात काही बिघडत नाही. दहा हजार ओळींच्या कोष्टकातून मात्र एक ओळ गळते. क्रमाच्या मोहापायी माहितीच गमवावी, हा व्यवहार आम्हांस अनाकलनीय वाटतो.

याउलट ऑरॅकलमध्ये क्रमबद्ध सबक्वेरी हाच दीर्घकाळ मान्य उपाय होता. तेथे 'रोनम' हा क्रमांक ओळी क्रमाने लावण्यापूर्वीच दिला जातो. म्हणून पहिले पाच गुणवंत हवे असल्यास क्रम आत लावून 'रोनम'ची अट बाहेर घालावी लागे, आणि ऑरॅकलचे दस्तऐवज ती रीत स्वतःच शिकवितात. मात्र जुन्या आवृत्त्यांत 'इन'च्या कंसातील सबक्वेरीत 'ऑर्डर बाय' घातले, तर उजवा कंस राहिल्याची तक्रार येई! विद्यार्थी कंस मोजीत बसे. भाषा एक, परंतु तिचे वचन एके ठिकाणी पाळले जाते, दुसरीकडे नाकारले जाते, तिसरीकडे गुपचूप गाळले जाते. या तिहींत गुपचूप गाळणे सर्वांत घातक होय, आणि त्याचा दोष केवळ वापरणाऱ्यावर टाकता येत नाही.

उपाय ठाऊक नाही असे नव्हे. २००३ च्या प्रमाणकात विंडो फंक्शन्स आली. 'रो नंबर'मध्ये विभाग व क्रम दोन्ही सांगून बाहेर पहिल्या क्रमांकाची ओळ निवडावी, म्हणजे क्रम हा अर्थाचाच भाग होतो. 'ऑर्डर बाय'सोबत 'लिमिट' असलेली सबक्वेरीही याच कारणास्तव निर्दोष आहे, कारण तेथे कोणत्या ओळी उरतील हे क्रमच ठरवितो. तथापि दोन गोष्टी पाठ्यपुस्तकांत सहसा राहून जातात. दोन ओळींचा दिनांक एकच असेल तर कोणती निवडली जाईल हे अनिश्चितच राहते. म्हणून क्रमाच्या शेवटी एखादा अनन्य स्तंभ जोडणे अवश्य आहे. दुसरी गोष्ट रिकाम्या दिनांकाची. पोस्टग्रेएस्‌क्यूएल व ऑरॅकल 'नल'ला सर्वांत मोठे मानतात, मायएस्‌क्यूएल व एस्‌क्यूएल सर्व्हर सर्वांत लहान. त्यामुळे उतरत्या क्रमाने पहिली ओळ मागणारी तीच पृच्छा एका यंत्रणेत अखेरचा निकाल देते, तर दुसरीत दिनांक न नोंदविलेला.