अभिनय आणि साक्ष

दिवंगत नटांच्या जुन्या चित्रपटांतून त्यांच्या दडविलेल्या खासगी आयुष्याचे धागे उकलून दाखविण्याची एक पद्धत गेल्या चाळीस वर्षांत चित्रपटसमीक्षेत रूढ झाली आहे. व्हिटो रूसो यांचे ‘द सेल्युलॉइड क्लोझेट’ हे पुस्तक १९८१ साली निघाले. हॉलिवूडने समलिंगी स्त्रीपुरुषांना कधी हास्यास्पद, कधी खुनशी, कधी आत्मघातकी असे कसकसे रंगविले याचा हिशेब त्यात आहे, आणि त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पात्रांचा हिशेब मांडणे निराळे, आणि पात्र वठविणाऱ्या नटाच्या मानेच्या झोक्यावरून वा करंगळीच्या ठेवणीवरून त्याच्या शयनगृहाचा निवाडा देणे निराळे. पहिले काम टीकाकाराचे, दुसरे फौजदाराचे. अलीकडचे पुष्कळसे लेखन या दुसऱ्या वाटेने जाते, आणि तसे जाताना आपण मृताला न्याय देत आहो अशी त्याची समजूत असते. ती समजूत आम्हांस तपासून पाहावयाची आहे. रॉक हडसन यांचा ‘पिलो टॉक’ (१९५९) आणि डर्क बोगार्ड यांचा ‘व्हिक्टिम’ (१९६१) हे दोन चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे तपास सोपा होतो.

पण आधी कराराची गोष्ट. वकिलाला ती टाळता येत नाही. १९२१ साली रॉस्को आर्बकल या विनोदी नटावर एका तरुणीच्या मृत्यूवरून खटला झाला. तीनदा सुनावणी होऊन १९२२ च्या एप्रिलात तो निर्दोष सुटला. परंतु प्रकरण गाजताच युनिव्हर्सल कंपनीने आपल्या नटांच्या करारनाम्यांत सदाचाराचे कलम घातले होते, आणि इतरांनी तोच कित्ता गिरविला. लोकांच्या नजरेतून उतरण्याजोगे वर्तन नटाकडून घडल्यास करार मोडण्याचा अधिकार मालकाला, हा त्याचा मथितार्थ. कलमाची खुबी अशी की, गुन्हा शाबीत होण्याची त्यात गरजच नाही. बोभाटा झाला की पुरे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो, तो या कलमाने मालकाच्या पदरात टाकला. पुढे १९३० साली चित्रपटांसाठी नीतिसंहिता तयार झाली, १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली तिचा अंमल कडक झाला, आणि ‘लैंगिक विकृती’ची नुसती सूचनाही पडद्यावर निषिद्ध ठरली. समलिंगी संबंध त्या काळी याच सदरात मोडत. नटाचे आयुष्य कराराने बांधले आणि पात्राचे संहितेने.

या व्यवस्थेला नकार देणारे विल्यम हेन्स हे जवळजवळ एकटेच. १९३० च्या सुमारास ते मेट्रो-गोल्डविन-मेयरचे आघाडीचे नट होते. लग्न करा नाही तर चालते व्हा, असे लुई मेयर यांनी त्यांस बजावल्याचे सांगितले जाते. हेन्स चालते झाले, आणि जिमी शील्ड्स या आपल्या सहचरासह १९७३ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. त्यांनी घरे सजविण्याचा धंदा काढला आणि तो उत्तम चालविला. अनीतीच्या नावाखाली ज्याला पडद्यावरून उतरविले, त्याच गृहस्थाला १९६९ मध्ये लंडन येथील अमेरिकन राजदूताचे निवासस्थान सजविण्याचे काम मिळाले, ही गोष्ट आम्हांस फार गमतीची वाटते.

हडसन यांना अशी मोकळीक परवडणारी नव्हती. १९५५ साली ते तिशीच्या उंबरठ्यावर होते; हा देखणा पुरुष अजून अविवाहित का, अशी विचारणा ‘लाइफ’सारख्या साप्ताहिकातून होऊ लागली होती. त्याच सुमारास ‘कॉन्फिडेन्शियल’ हे मासिक नटनटींच्या भानगडी छापून लाखो प्रती खपवीत होते. हडसन यांचे प्रतिनिधी हेन्री विल्सन यांनी त्यांची गोष्ट दाबण्यासाठी रोरी कॅल्हून आणि टॅब हंटर या आपल्या दुसऱ्या दोघा नटांच्या जुन्या अटकेच्या हकिकती त्या मासिकाच्या हवाली केल्या, असे अनेकांनी लिहिले आहे. पुराव्याच्या कायद्यात याला ऐकीव म्हणतात. परंतु त्या दोन हकिकती १९५५ मध्ये छापून आल्या आणि हडसन यांची आली नाही, एवढे खरे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विल्सन यांच्या कचेरीत काम करणाऱ्या फिलिस गेट्स यांच्याशी हडसन विवाहबद्ध झाले. १९५८ साली घटस्फोट झाला. ‘कॉन्फिडेन्शियल’वर १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये फौजदारी बदनामी आणि अश्लील मजकुराच्या कटाचा खटला चालला, ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि अखेर सिनेमानटांच्या भानगडी यापुढे न छापण्याच्या बोलीवर प्रकरण मिटले. चित्रपटव्यवसायाला तो खटला मनापासून नकोच होता; साक्षीदारांच्या पिंजऱ्यात कोण कोण उभे राहील याची धास्ती त्याला अधिक होती.

आता ‘पिलो टॉक’. ब्रॅड ॲलन हा गीतकार आणि जॅन मॉरो ही गृहसजावटकार यांच्यात एकच दूरध्वनीवाहिनी सामाईक असते, त्यावरून त्यांचे भांडण, आणि तिला फसविण्यासाठी ब्रॅडने घेतलेले रेक्स स्टेट्सन नावाच्या टेक्सासकराचे सोंग, हा कथाभाग. हडसन यांचे विनोदी भूमिकेतील हे पहिलेच मोठे पदार्पण. मधल्या एका प्रवेशात ब्रॅड दूरध्वनीवरून जॅनच्या मनात किल्मिष घालतो की, तुझा हा रेक्स आईवर फार जीव असणाऱ्या, पाककृती जमविणाऱ्या पुरुषांपैकी तर नव्हे ना? आणि नंतर रेक्स होऊन तो स्वतःच, करंगळी उचलून, समोरच्या पदार्थाची कृती आईसाठी विचारतो. म्हणजे आपले समलिंगीपण लपविणारा नट, समलिंगी असल्याचे भासविणाऱ्या स्त्रीलंपट पुरुषाची भूमिका करीत आहे. सोंगावर सोंग, आणि त्यावर पुन्हा सोंग.

मार्क रॅपापोर्ट यांनी १९९२ साली ‘रॉक हडसन्स होम मूव्हीज’ हा निबंधपट काढला, तो अशाच तुकड्यांवर उभा आहे. एक तरुण नट हडसन बनून, जणू परलोकातून, आपल्याच चित्रपटांतील द्व्यर्थी वाक्ये दाखवीत जातो. चित्रपट चतुर आहे, आणि आम्ही तो आवडीने पाहिला. परंतु पुरावा म्हणून तो टिकत नाही. ही वाक्ये हडसन यांनी लिहिलेली नाहीत. पगारी लेखकांनी लिहिली, दिग्दर्शकाने मंजूर केली आणि नटाने म्हटली. साठांहून अधिक चित्रपटांतून निवडून काढलेले तुकडे एका माळेत ओवले तर कोणत्याही नटाविरुद्ध कोणताही आरोप उभा करता येईल. उलटतपासणीस संधी नसलेल्या साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याने लिहिलेला जबाब घालणे याला आम्ही समीक्षा म्हणत नाही.

मग त्या करंगळीत पाहावे तरी काय? आमच्या मते प्रथम पाहावे ते हडसन यांचे कसब. करंगळी किती उचलावी, नजर केव्हा चुकवावी, आणि जॅनचा चेहरा पडताच स्वतःच्या चेहऱ्यावर काहीच का दिसू देऊ नये, याचा तोल त्यांनी विलक्षण सांभाळला आहे. ज्यांनी त्यांना केवळ सुंदर देहाचा ठोकळा म्हणून मोडीत काढले, त्यांनी हा प्रवेश पुन्हा पाहावा. दुसरी गोष्ट नटाविषयीची नाहीच. ती प्रेक्षकाविषयीची आहे. हा विनोद हसवितो तो प्रेक्षकाच्या एका खात्रीच्या बळावर: रॉक हडसन ‘तसा’ असणे शक्यच नाही. त्या खात्रीसाठी करारातील कलम होते, लग्न होते, छायाचित्रे होती. १९५९ चा प्रेक्षक नटाला हसत नव्हता, आपल्या खात्रीला कुरवाळीत होता. आज ती खात्री उरली नाही, म्हणून प्रवेश पाहताना हसू अर्ध्यावर थांबते. त्या थांबण्याचा विचार टीकाकाराने अवश्य करावा. पण तो विचार प्रेक्षकाच्या नावे मांडावा, मृताच्या खात्यावर नव्हे.

येथे एक कायदेशीर भेद सांगून ठेवतो, कारण त्याची नेहमी गल्लत होते. हडसन २ ऑक्टोबर १९८५ रोजी एड्सने वारले. रोगाची गोष्ट आपल्यापासून लपविली म्हणून त्यांच्या एका सहचराने त्यांच्या इस्टेटीविरुद्ध दावा लावला, आणि १९८९ साली ज्यूरीने त्याला दोन कोटी डॉलरांहून अधिक भरपाई देऊ केली. पुढे ती पंचावन्न लाखांवर आणली गेली. त्या सहचराला रोगाची लागण झालेली नव्हती, तरीही दावा टिकला. हा निकाल हडसन यांच्या लपवाछपवीविरुद्धचा निकाल म्हणून सांगितला जातो. तसा तो नाही. शय्यासोबत्याला जिवाचा धोका सांगण्याचे कर्तव्य माणसावर असते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला आपली आवड सांगण्याचे कोणतेही कर्तव्य त्याच्यावर नसते. पहिल्या प्रसंगी मौन हा अपराध आहे, दुसऱ्या प्रसंगी तो हक्क आहे.

‘व्हिक्टिम’ची जात वेगळी. इंग्लंडात १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील सर्व ‘असभ्य’ संबंध, खासगीतले सुद्धा, गुन्हा ठरविले होते, आणि खंडणीखोरांची सनद असेच त्या कायद्याला लोक म्हणत. (आमच्याकडे त्याच राजवटीने १८६० च्या दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले.) १९५३ साली सर जॉन गीलगुड यांना, नाइट किताब मिळाला त्याच वर्षी, अटक होऊन दहा पौंड दंड झाला होता. वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये कायदा सैल करण्याची शिफारस केली; तो प्रत्यक्षात सैल होण्यास १९६७ उजाडावे लागले. या मधल्या काळात बेसिल डिअर्डन यांनी हा चित्रपट केला. नायक मेल्व्हिल फार हा यशस्वी बॅरिस्टर, विवाहित, मानाच्या बढतीच्या दारात उभा. बॅरेट नावाचा तरुण त्याला वारंवार गाठू पाहतो. हा आपल्याकडून पैसे उकळणार असे समजून फार त्याला टाळतो. वस्तुतः तो पोरगा फारला वाचविण्यासाठीच खंडणी भरीत असतो, त्यापायी मालकाच्या पैशाची अफरातफर करतो, पकडला जातो आणि पोलीस कोठडीत गळफास घेतो. त्यानंतर फार खंडणीखोरांचा माग काढतो, साक्षीला उभे राहिलो की आपला व्यवसाय बुडाला हे जाणून.

पत्नीच्या प्रश्नांपुढे फार आपल्या आकर्षणाची कबुली देतो तो प्रवेश चित्रपटाचा प्राण आहे. तो अधिक स्पष्ट व्हावा असा आग्रह आपणच धरला, असे बोगार्ड पुढे सांगत. त्यांचा आवाज आधी खाली जातो, मग एकदम फुटतो; त्यापूर्वीच्या त्यांच्या चित्रपटांत आम्हांस असे काही आढळत नाही. ‘डॉक्टर इन द हाउस’ (१९५४) पासून इंग्लंडातील तरुणींच्या गळ्यातला ताईत झालेल्या नटाने ही भूमिका घेतली, कायदा जिवंत असताना घेतली, हे धैर्य निर्विवाद होय. अमेरिकेतील संहितेत १९६१ च्या ऑक्टोबरात दुरुस्ती होऊन हा विषय संयमाने हाताळण्यास मुभा मिळाली होती. तरीही ‘व्हिक्टिम’ला तेथे मंजुरीचा शिक्का नाकारण्यात आला.

चित्रपटात दोष आहे, आणि तो वकिलाच्या डोळ्यांत चटकन भरतो. फारने प्रत्यक्ष काहीच केलेले नाही. त्याला वाटले, आणि तो मागे सरला. म्हणजे चित्रपट वासनेसाठी दया मागतो, कृतीचे वकीलपत्र घेत नाही. १९६१ साली कदाचित एवढीच बाजू मांडता आली असती. पण बॅरेट मरतो आणि बॅरिस्टर निष्कलंक राहतो, हे आम्हांस खटकते.

बोगार्ड १९९९ साली वारले. अँथनी फॉरवुड या आपल्या व्यवस्थापकासह त्यांनी कित्येक दशके एकत्र घर केले. १९८८ मध्ये फॉरवुड गेले. बोगार्ड यांनी आत्मचरित्राचे अनेक खंड लिहिले, त्यांत फॉरवुड पानोपानी आहेत, आणि त्या नात्याला नाव मात्र कोठेही नाही. या मौनाला अनेक जण भ्याडपणा म्हणतात. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. जो हक्क खुन्याला आहे तो नटाला नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

एका पात्राविषयी मात्र दोन्ही बाजूंचे टीकाकार सारखेच उदासीन आहेत: ते म्हणजे पत्नी. ‘व्हिक्टिम’ने लॉराला, म्हणजे सिल्व्हिया सिम्स यांना, विचारण्याची, रागावण्याची, निघून जाण्याची आणि परत येण्याचा विचार करण्याची पूर्ण जागा दिली आहे, आणि सिम्स यांनी तिचे सोने केले आहे. फिलिस गेट्स यांच्यासाठी असा प्रवेश कोणी लिहिला नाही. १९८७ साली त्यांनी तो पुस्तकरूपाने स्वतःच लिहिला: आपण प्रेमाने लग्न केले, आपणास काही ठाऊक नव्हते. त्यावर पुष्कळांनी त्यांचीच उलटतपासणी घेतली.