कालाचे मिथ्यात्व : मॅक्टॅगर्टचा युक्तिवाद

काल सत् नाही, असे सिद्ध करू पाहणारा आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील एक बहुचर्चित युक्तिवाद. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील चिद्‌वादी तत्त्वज्ञ जॉन मॅक्टॅगर्ट एलिस मॅक्टॅगर्ट (१८६६–१९२५) ह्याने तो माइंड ह्या नियतकालिकात १९०८ मध्ये मांडला; द नेचर ऑफ एक्झिस्टन्स ह्या ग्रंथाच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात (१९२७) त्याची विस्तृत मांडणी आहे.

घटनांचा कालक्रम दोन रीतींनी लावता येतो : भूत-वर्तमान-भविष्य (अ-श्रेणी) आणि अगोदर-नंतर (ब-श्रेणी). ब-श्रेणीतील संबंध कधीच बदलत नाहीत. १७१४ मध्ये झालेला राणी ॲनचा मृत्यू हा सदैव मृत्यूच असतो. भविष्यातला तो वर्तमान होतो व मग भूतात जातो, एवढाच काय तो त्याच्यातील बदल. बदलावाचून काल नाही, म्हणून अ-श्रेणी अपरिहार्य ठरते. परंतु भूतत्व, वर्तमानत्व आणि भविष्यत्व हे धर्म परस्परविरोधी असून प्रत्येक घटनेला तिन्ही लागू पडतात. ‘एकाच वेळी नव्हे, क्रमाने’ असे उत्तर दिल्यास त्या ‘वेळां’नाही हेच तीन धर्म लावावे लागतात आणि अनवस्था ओढवते.

ह्यातील पूर्वार्ध दिसतो त्यापेक्षा भक्कम आहे. एका क्षणी तप्त आणि दुसऱ्या क्षणी थंड असणे म्हणजेच सळईचा बदल, हे रसेलच्या पद्धतीचे उत्तर पुरेसे नाही. सळईचे एक टोक तप्त व दुसरे थंड असेल, तर त्याला कोणी बदल म्हणत नाही. उत्तरार्ध मात्र डळमळीत वाटतो. ‘पाऊस पडला’ ह्याचा अर्थ, कालनिरपेक्ष अशी एक पर्जन्यघटना ‘आहे’ व तिच्या ठिकाणी भूतत्व ‘आहे’, असा होत नाही, हा सी. डी. ब्रॉडचा आक्षेप मर्मग्राही आहे. मराठीत तर काळ क्रियापदाच्या रूपातच मुरलेला असतो. मायकेल डमेटने १९६० मध्ये ह्या युक्तिवादाची बाजू घेतली; तथापि सोडून द्यावयाचे ते कालाचे सत्यत्व की द्रष्टानिरपेक्ष संपूर्ण वर्णनाची अपेक्षा, हा प्रश्न त्याने खुला ठेवला. डी. एच. मेलरने रिअल टाइम (१९८१) ह्या ग्रंथात उत्तरार्ध स्वीकारून पूर्वार्ध नाकारला : काल खरा, त्याचा ‘प्रवाह’ खोटा.

नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेतील कालपरीक्षेशी ह्या मताची तुलना सुचते. मात्र तेथील रोख तिन्ही काळांच्या परस्परसापेक्षतेवर आहे. मॅक्टॅगर्टपुढची खरी अडचण वेगळीच आहे. काल हा भ्रम मानला, तरी भ्रम एकामागून एक होत असल्याचे भासते. ह्या भासाचा आधार म्हणून त्याने कालरहित अशी तिसरी श्रेणी कल्पिली. पण न बदलणाऱ्या क्रमातून बदलाचा निदान भास तरी कसा उद्‌भवतो, ह्याचा उलगडा तिने होत नाही.