सोंगटी आणि सोंग

सारीपाटावरची सोंगटी बोलत नाही. फासा सांगेल तेवढी घरं ती चालते, मरते, पुन्हा बसते. एकनाथांच्या भारुडात उभा राहणारा माणूस मात्र आंधळ्याचं, बहिऱ्याचं, जोशाचं सोंग घेतो आणि त्या सोंगाच्या तोंडून बोलू लागतो. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरच्या गावात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. सोंगटी हलवणाऱ्यानेच तिचं सोंग घेतलं तर काय होईल, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कुणी पटावर मांडला नाही. तो अमेरिकेत मांडला गेला आणि त्यातून एक नवी कला उभी राहिली.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या छपाईला हजार प्रती. मुळात ही माणसं लढाईचे खेळ खेळणारी होती. गायगॅक्सचा ‘चेनमेल’ हा १९७१ चा खेळ मध्ययुगीन सैन्यांच्या बाहुल्या हलवण्याचा होता. अर्नेसनने आपल्या ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रांतात प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकच माणूस दिला. तो माणूस एका खेळात मेला नाही तर पुढच्या खेळात आणखी शहाणा, आणखी बळकट होऊन यायचा. एकच माणूस हाती आला की त्याला नाव लागतं, स्वभाव लागतो, आणि तो बोलू लागतो. सोंगटीचं सोंग झालं ते इथे.

या खेळाच्या आवृत्त्या तोलायच्या तर माझ्या मते हाच काटा वापरावा. कोणती आवृत्ती खेळाडूला सोंगाकडे नेते आणि कोणती त्याला परत सोंगटीकडे ओढते?

पहिल्या पुस्तिका अर्धवट होत्या आणि त्यातच त्यांचं बळ होतं. नियम जिथे संपत तिथे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला स्वतःचं डोकं चालवावं लागे. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्सने तीन जाडजूड ग्रंथांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ रूप उभं केलं. त्याचं गद्य अवघड, आडवळणी, तक्त्यांनी खच्चून भरलेलं आहे, पण मला ते फार आवडतं, कारण त्यात एका माणसाचा आवाज ऐकू येतो. १९८९ ची दुसरी आवृत्ती नीटनेटकी झाली आणि भित्रीही. पालकांच्या आणि धर्मगटांच्या ओरडीमुळे नरकातल्या सैतानांची नावंच बदलून टाकली गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने वीस पैलूंच्या एकाच फाशावर सगळा हिशेब आणला: फासा टाका, आपले गुण मिळवा, ठरलेला आकडा गाठा. यातली सफाई वाखाणण्याजोगी आहे. मात्र तिच्याबरोबर प्रत्येक कृतीला एक आकडा चिकटला, आणि जे पूर्वी बोलून पटवावं लागे ते आता फाशावर उरकता येऊ लागलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत लढाई चौकटींच्या पटावर इतकी घट्ट बसवली होती की बाहुलीशिवाय ती खेळणं कठीण. माझ्या काट्यावर हीच आवृत्ती सोंगटीकडे सर्वांत जास्त झुकते. पुष्कळ जुन्या खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला ‘पाथफाइंडर’ २००९ मध्ये आला तेव्हा ते तिकडे वळले. २०१४ ची पाचवी आवृत्ती हे ओझं उतरवते. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका आणि मोठा घ्या, एवढंच. अशा साध्या नियमांमुळे डोळे कागदावरून उठतात आणि समोरच्या माणसाकडे जातात.

मराठी वाचकाने एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत जाताना राक्षसाचं बोट धरावं. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो भेटतो. डेव्ह ट्रॅम्पियरने काढलेल्या चित्रात वाघाच्या तोंडाचा हा राक्षस आरामात पाइप ओढत बसला आहे. साध्या शस्त्राने त्याला इजा होत नाही, मंत्रून दिलेल्या बाणाने मात्र तो मरतो. पुढच्या आवृत्त्यांत त्याच्या हाताचे तळवे उलटे झाले. २०१४ पर्यंत तो नरकातून आलेला कपटी जीव बनला. आपल्या रामायणातल्या राक्षसाला कूळ आहे, वेद पढलेला बाप आहे, बहिणीच्या अपमानाचा सल आहे. तो शाप भोगतो, तपही करतो. वाघमुख्या राक्षसाला यातलं काही नाही, त्याला फक्त मारायची युक्ती आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ने तर विष्णू आणि इंद्र यांनाही चिलखताचा आकडा आणि जिवाचे गुण दिले. मला याचा राग येत नाही, वाईट वाटतं. तमाशाच्या गवळणीत मावशी आणि पेंद्या कृष्णाची मनसोक्त थट्टा करतात. ती थट्टा घरच्या माणसाची आहे. आकड्यांच्या तक्त्यात थट्टा नाही आणि ओळखही नाही.

थट्टेचा विषय निघालाच आहे तर विडंबनांकडे येऊ. या कलेतली उत्तम समीक्षा तिथेच झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. १९८४ च्या ‘पॅरानोइया’मध्ये सगळे खेळाडू एका संशयी संगणकाच्या राज्यात राहतात. प्रत्येक पात्राच्या सहा प्रती असतात, म्हणजे मेलं की दुसरी हजर. खेळाचे नियम आपल्याला ठाऊक आहेत असं खेळाडूने दाखवलं तर तो राजद्रोह. सूत्रधार आणि खेळाडू यांच्यातला सत्तेचा व्यवहार इतका उघडा करणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही. इथे नियम लपवल्यामुळे सोंगच उरतं, म्हणून माझ्या लेखी हे विडंबन सर्वांत मोठं.

२००१ चं ‘मंचकिन’ खूप खपलं. गुहेत शिरा, राक्षस मारा, मित्राला दगा द्या, खजिना लुटा, हे सगळं पत्त्यांवर. जॉन कोव्हॅलिकची चित्रं हसवतात, पण सोंग काढून घेतल्यावर हाती पुन्हा सोंगटीच राहते आणि दहाव्या डावाला विनोद शिळा होतो.

‘हॅकमास्टर’ची गोष्ट वेगळी. जॉली ब्लॅकबर्नच्या ‘नाइट्स ऑफ द डिनर टेबल’ या चित्रमालिकेत काही मित्र एक कल्पित खेळ खेळत भांडत असतात. २००१ मध्ये तो कल्पित खेळ खरोखर छापला गेला, आणि आधीच्या तीन आवृत्त्या कधी निघालेल्या नसताना त्यावर ‘चौथी आवृत्ती’ असं लिहिलं. आतले नियम परवाना घेऊन वापरलेले गायगॅक्सच्या काळचे होते. सगळे किचकट तक्ते, सगळे अतिरेक त्यात होते, वर आठ खंडांचा प्राणिकोश. मूळ प्रकाशकाने टाकून दिलेली शैली तेव्हा छापील बाजारात जिवंत ठेवली ती या विडंबनाने. आपल्याकडे केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ने हेच केलं. १९२५ च्या त्या पुस्तकामुळे त्या काळच्या कवींच्या किती लकबी आजच्या वाचकाला ठाऊक आहेत! विडंबन करणाऱ्याला मूळ संहिता शब्दन् शब्द पाठ असावी लागते. पुढे ‘हॅकमास्टर’ची नवी आवृत्ती निघाली ती बरीचशी गंभीर होती. मला त्यात जुन्या प्रेमाची ऊब सापडली नाही.

या खेळाची अधिकृत मराठी आवृत्ती नाही. पण नियम आता अडसर नाहीत. २०२३ च्या जानेवारीत परवान्याच्या अटी बदलण्याचा बेत खेळाडूंच्या संतापामुळे सोडावा लागला आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम सर्वांना वापरता येतील अशा खुल्या परवान्याखाली दिले गेले. ते मराठीत आणायला आज कुणाची मनाई नाही.

ते आणताना आमच्या सीमाभागाला एक गोष्ट आपसूक मिळेल. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठीत रचलं, कन्नडात रचलं, हिंदीतही रचलं. इथला खेळाडू मेजावर बसला की शेतकऱ्याचं सोंग मराठीत घेईल, सावकाराशी कन्नडात बोलेल आणि शिपायाला दखनीत दटावेल. स्वभाव ठरवायला त्याला तक्ता लागणार नाही. आणि सूत्रधाराने उलट्या तळव्यांच्या राक्षसाचं वर्णन सुरू केलं की मेजावरचं पोर त्याला मध्येच थांबवेल, कारण आजीने सांगितलेली खूण त्याला ठाऊक आहे: हातांचं राहू दे, त्याची पावलं कुठल्या बाजूला आहेत ते आधी सांग.