हरकत नाही म्हणजे पाठिंबा आहे का?

पाचूबंदरात बसून जागतिक व्यापार संघटनेवर बोलायचं म्हटलं की वाटतं, कुठे वसईच्या किल्ल्याजवळचा आपला किनारा आणि कुठे जिनिव्हा! पण बोटीच्या डिझेलवर राज्य सरकार जो कराचा परतावा देतं, त्याला तिथल्या भाषेत ‘सबसिडी’ म्हणता येतं. म्हणून आज एकच प्रश्न तपासू. मासेमारीच्या सबसिडीवर भारताने जो प्रस्ताव मांडला, त्याला जगाचा पाठिंबा किती, हे मोजायचं कसं? ही मोजणी आपल्याकडे फार ढिलाईने होते, असं आम्हाला वाटतं.

परिषद संपली की दोन तऱ्हेचे मथळे येतात. एक, ‘भारत एकाकी’. दुसरा, ‘विकसनशील जग भारतामागे’. दोन्हींत आकडा नसतो, आणि सहज मिळणारही नाही. या संघटनेचे सदस्य १६६, पण निर्णय मतदानाने नव्हे, सहमतीने होतात. आता सहमती म्हणजे सगळ्यांचा होकार का? तसं नाही. हजर असलेल्यांपैकी कुणीच औपचारिक हरकत घेतली नाही, की झाली सहमती. म्हणजे गप्प बसलेला देशही होकारात जमा.

भारताचं म्हणणं थोडक्यात असं. दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या देशांनी २५ वर्षं सबसिडी बंद ठेवावी. विकसनशील देशांना मात्र आपल्या २०० सागरी मैलांच्या हद्दीत गरीब मच्छीमारांना मदत करू द्यावी. २०२४ मध्ये अबुधाबीच्या मंत्रिस्तरीय परिषदेत या विषयावर तडजोड झालीच नाही.

तिथे पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांनाही मोठ्या ताफ्यांना लगाम हवा होता. मग त्यांना भारताच्या खात्यात धरायचं का? आम्ही म्हणू, घाई नको. तक्रार एक असली तरी उतारा एकच असतो असं नाही. दुसऱ्यांचे ताफे थांबावेत असं वाटणारा देश तुमच्या २५ वर्षांच्या सवलतीलाही मान डोलवेल, हे गृहीत कसं धरायचं? मासा काही हद्द बघून पोहत नाही.

मोजता येईल असा एक आकडा मात्र आहे. १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात पहिला करार झाला. बेकायदा मासेमारी आणि अतिमासेमारीने खालावलेले साठे, यांवरच्या सबसिडीला त्यात बंदी आहे. दोन तृतीयांश सदस्यांनी स्वीकृती दिल्यावर, म्हणजे १५ सप्टेंबर २०२५ रोजी, तो लागू झाला. अमेरिका, चीन आणि युरोपीय संघ यांनी २०२३ मध्येच स्वीकृती दिली होती. भारताची स्वीकृती त्या दिवसापर्यंत नव्हती. हा भारताविरुद्धचा कौल समजायचा का? नाही. खरं भांडण ताफ्यांच्या वाढीव क्षमतेचं आहे, आणि ते या करारात आलेलंच नाही. जगाने सोपा भाग उचलला, अवघड भाग मागे ठेवला. या आकड्यातून एवढंच वाचता येतं.

आता आमची टीका. एका देशाच्या हरकतीने सहमती अडते, ही ताकद खरी. पण अडवण्याची ताकद म्हणजे पाठिंबा नव्हे. निर्णय अडला की पाचूबंदरच्या बोटीचा परतावा वाचतो हे खरं, पण त्याच दिवशी परदेशी महाकाय ताफ्याची सबसिडीही वाचते. समुद्रातला मासा मात्र वाचत नाही. शिवाय घड्याळ चालू आहे. करार लागू झाल्यापासून चार वर्षांत उरलेले नियम ठरले नाहीत, तर सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतल्याखेरीज पहिला करारही संपुष्टात येतो. म्हणजे सप्टेंबर २०२९.

म्हणून पुढच्या वेळी बातमी वाचताना तीन गोष्टी विचारा. प्रस्तावाच्या कागदावर भारताशिवाय कुणाची नावं आहेत? कोण नुसत्या तक्रारीला धरून बोललं आणि कोण २५ वर्षांच्या मुदतीला? आणि या मुदतीसाठी आपलं काही सोडायला कोण तयार आहे? तिसऱ्याचं उत्तर मिळालं, तर तोच खरा पाठिंबा.

आणि चौथा प्रश्न आपण आपल्याच सरकारला विचारायचा. २०० मैलांच्या हद्दीत कुटुंबाची बोटही जाते आणि मोठा ट्रॉलरही. प्रस्तावातला ‘गरीब मच्छीमार’ यांपैकी नेमका कोण? हे नीट लिहिलं, तर जिनिव्हात आपल्या बाजूने बोलणं दुसऱ्या देशांनाही सोपं जाईल, असं आम्हाला वाटतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.