आत्मकथनाचे चित्रपटीकरण : ‘सोल सर्फर’च्या निमित्ताने

कादंबरीचे चित्रपटात रूपांतर होताना काय राहते व काय गळते, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. आत्मकथनाच्या बाबतीत मात्र त्या प्रश्नाचे स्वरूप पालटते. कादंबरीचे रूपांतर करणारा दिग्दर्शक एका संहितेचा ऋणी असतो; आत्मकथनाचे रूपांतर करणारा दोघांचा ऋणी होतो. एक ती संहिता, आणि दुसरे त्या संहितेच्या मागे उभे असलेले, प्रत्यक्ष घडलेले जीवन. या दोन ऋणांचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात एका चित्रपटाच्या आधाराने करावयाचा आहे.

हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटावर, 31 ऑक्टोबर 2003 रोजी सकाळी, सर्फिंग करीत असलेल्या बेथनी हॅमिल्टन या तेरा वर्षांच्या मुलीवर शार्कने हल्ला केला आणि तीत तिचा डावा हात खांद्याजवळून गेला. महिना लोटण्यापूर्वी ती पुन्हा समुद्रात उतरली. जानेवारी 2004 मध्ये तिने स्पर्धेतही भाग घेतला. त्याच वर्षी ‘सोल सर्फर’ हे तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. श्रद्धा, कुटुंब आणि पुन्हा फळीवर उभे राहण्याची झुंज हे तीन विषय त्याच्या उपशीर्षकातच सांगितलेले आहेत. 2011 मध्ये शॉन मॅकनमारा यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट आला. त्यात ॲनासोफिया रॉब हिने बेथनीची, तर डेनिस क्वेड व हेलन हंट यांनी तिच्या आईवडिलांची भूमिका केली.

प्रथम निवेदनाच्या अधिष्ठानाचा विचार करू. आत्मकथनाचा प्राण प्रथमपुरुषी ‘मी’ होय. कॅमेरा स्वभावतःच तृतीयपुरुषी असतो. तो ‘मी’ला ‘ती’ करून दाखवितो. या दृष्टीने चित्रपटात मूळ ‘मी’चा लोप व्हावा, असेच कोणी म्हणेल. परंतु येथे एक चमत्कारिक उलटापालट आढळते. पुस्तकाचे लेखन चौदा वर्षांच्या मुलीने दोन सहलेखकांच्या साहाय्याने केलेले आहे; त्यातील ‘मी’ तिचा असला, तरी वाक्ये केवळ तिची नव्हेत. उलट चित्रपटात एका हाताने लाटेवर स्वार होण्याची जी दृश्ये आहेत, ती स्वतः बेथनीने केली आहेत. इतर प्रसंगांत अभिनेत्रीच्या हातावर हिरवे आवरण चढवून तो हात तंत्राने पुसून टाकावा लागला. लाटेवर मात्र पुसण्यासारखे काही नव्हते. शब्दांत ज्या ‘मी’ला दुसऱ्यांचा हात लागला, तो ‘मी’ पाण्यावर अस्सल रूपात परत आला. मूळ आत्मकथनाहूनही अधिक ‘आत्म’ असलेला भाग रूपांतरात सापडावा, ही गोष्ट रूपांतराकडे केवळ ऱ्हासाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरा प्रश्न संभाव्यतेचा. हल्ला झाला त्याच सकाळी बेथनीच्या वडिलांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. त्याच रुग्णालयात, त्यांच्यासाठी सज्ज असलेल्या शस्त्रक्रियागृहात, त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी आली. कादंबरीकाराने असा योगायोग योजला असता, तर त्यास कृत्रिमतेचा दोष लागला असता. अशक्य परंतु संभाव्य वाटणारे हे शक्य परंतु असंभाव्य वाटणाऱ्याहून कवीने अधिक पसंत करावे, हे ॲरिस्टॉटलचे मत प्रसिद्धच आहे. आत्मकथनाला या नियमातून सूट मिळते, कारण ‘हे घडले’ एवढे एकच वाक्य त्याच्या समर्थनास पुरते. चित्रपटाने हा प्रसंग राखला, आणि तो राखताना खऱ्या घटनेवरील प्रेक्षकाच्या विश्वासाचा आधार घेतला. येथपर्यंत आक्षेपास जागा नाही. मात्र ज्याने सत्यतेच्या नावावर ही सूट घेतली, त्याच्यावर पुढेही सत्यतेचे बंधन येते.

हे बंधन चित्रपट कोठे सैल करतो, ते पाहू. चित्रपटाचा क्रम असा आहे : अपघातानंतर मुलगी स्पर्धेत उतरते, अपयश पदरी येते, ती सर्फिंग सोडून देते, मग त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या थायलंडमध्ये मदतकार्यासाठी जाते, तेथे समुद्राला भ्यालेल्या एका मुलाला पाण्यात नेते, आणि त्या अनुभवातून तिला स्वतःचे बळ परत सापडते. त्सुनामीची तारीख 26 डिसेंबर 2004 ही आहे. आत्मकथन त्यापूर्वीच प्रसिद्ध झालेले होते आणि बेथनी वर्षभरापासून पुन्हा लाटांवर होती. म्हणजे चित्रपटाचा मर्मबिंदू मूळ ग्रंथात नाही, आणि जीवनातही तो त्या जागी नाही.

यावर असे म्हटले जाईल की, आत्मकथनकारही सारे सांगत नाही. तोही निवडतो, संक्षेप करतो. हे मान्य आहे. परंतु निवड आणि पुनर्रचना यांत भेद केला पाहिजे. निवडीने चित्र अपुरे राहते, पण कार्यकारणभाव शाबूत राहतो. क्रम बदलला की कारणच बदलते. प्रत्यक्षात ही मुलगी आधी समुद्रात परतली, आणि परदुःखाशी तिची गाठ पुढे पडली. चित्रपटात परदुःखाचे दर्शन हे परतण्याचे कारण ठरते. परिणामी दुःखाला एक सोयीचा अर्थ चिकटतो : जणू धडा शिकल्यावाचून माणूस उठत नाही. ज्या मुलीला महिनाभरही धीर धरवला नाही, तिच्या परतण्यामागे सवय, घर आणि समुद्र यांखेरीज दुसरे कारण नसेलही. तसे असेल, तर तेच अधिक गूढ व अधिक खोल होते.

या संदर्भात मराठी वाचकास ‘सांगत्ये ऐका’ आठवल्यावाचून राहणार नाही. हंसा वाडकर यांचे ते आत्मकथनही दुसऱ्याच्या, म्हणजे अरुण साधू यांच्या, शब्दांकनातून उतरलेले. त्यावर आधारलेल्या ‘भूमिका’ या 1977 च्या चित्रपटात श्याम बेनेगल यांनी नायिकेला उषा हे वेगळे नाव दिले. या नामांतराने दिग्दर्शकाला स्वातंत्र्य मिळाले आणि मूळ व्यक्तीलाही तिच्या जीवनाची मालकी राखता आली. ‘सोल सर्फर’ने जिवंत कुटुंबाची खरी नावे कायम ठेवली, आणि त्यांच्या शेजारी मलिना बर्च ही काल्पनिक प्रतिस्पर्धी बसविली. खरी नावे आणि कल्पित कारणे यांची ही सरमिसळ हाच या रूपांतराचा खरा दोष आहे. केवळ कल्पनेचा आश्रय घेतला, म्हणून त्यास कोणी दोष देणार नाही.

असे असूनही या चित्रपटात दोन स्थळे अशी आहेत की, जेथे तो जीवनाशी प्रामाणिक राहून कलाही साधतो. पहिले, वडिलांनी फळीवर बसविलेली मूठ. येणाऱ्या लाटेखाली फळी दाबून पलीकडे निघण्यास दोन्ही हातांचा जोर लागतो. उरलेल्या एका हाताला धरावयास काही असावे, म्हणून ही मूठ. पुस्तकाच्या उपशीर्षकातील ‘कुटुंब’ हा शब्द संवादांतून जेवढा व्यक्त होतो, त्याहून अधिक या एका वस्तूतून होतो. दुसरे स्थळ शेवटाचे. प्रत्यक्षात बेथनीने 2005 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. चित्रपटातील अखेरच्या स्पर्धेत मात्र ती उत्तम लाट पकडते, पण वेळ संपलेली असते. गुण मिळत नाहीत. येथेही वास्तवापासून फारकत आहे, पण ती आपल्या पात्राला वास्तवाहून कमी देणारी, आणि म्हणून संयमाची आहे.

सारांश, आत्मकथनाच्या रूपांतराची परीक्षा ‘मुळाशी निष्ठा’ या एकाच मापाने करणे अपुरे ठरते. संहिता बदलली काय, हे पाहण्यापूर्वी कारणे बदलली काय आणि ती कोणाच्या नावावर बदलली, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रसंग गाळणे, जोडणे, उणे करणे हे रूपांतरकाराच्या अधिकारात येते. एखादी जिवंत व्यक्ती संकटातून का उठली, याचे उत्तर तिच्याच नावाने दुसऱ्याने द्यावे काय, याविषयी मात्र अभ्यासकाने दर वेळी स्वतंत्रपणे निर्णय करावा लागेल.