बाज की काठी? कापेल, बक्स्टॉर्फ आणि न लिहिलेले स्वर

मुरब्याला आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा एक मोडी कागद आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. संदर्भ लागला तर ठीक, नाही लागला तर भावकीत वाद. हिब्रूचं दुखणं याहून मोठं, कारण तिथे मूळ लिखाणात मुख्यतः व्यंजनंच. उत्पत्ती ४७:३१ मध्ये म्हातारा याकोब कशावर वाकला? 'मिट्टा' वाचलं तर बाज, 'मट्टे' वाचलं तर काठी. आजचं हिब्रू बायबल बाज म्हणतं, जुना ग्रीक अनुवाद काठी.

आपण ऐकलेली गोष्ट अशी असते: बायबलची चिकित्सा १६७० मध्ये स्पिनोझाने सुरू केली आणि धर्मपंडित आडवे आले. मला ही मांडणी आळशी वाटते. त्याच्या कितीतरी आधी, १६२४ मध्ये, लुई कापेलने दाखवलं होतं की हिब्रूची स्वरचिन्हं मूळची नाहीत, ती इसवी सनाच्या पाचव्या शतकानंतरची. हा माणूस फ्रान्समधल्या सोम्यूरचा प्रोटेस्टंट प्राध्यापक, म्हणजे घरातलाच. आणि त्याच्या पंथाचा सगळा डोलारा 'फक्त शास्त्रवचन' यावर उभा! स्वर नंतरचे ठरले, तर कॅथलिक विचारणारच, की मग परंपरेशिवाय तुम्ही वाचणार कसे?

आता गंमत बघा. कापेलने हस्तलिखित आधी विरुद्ध मताच्या थोरल्या बक्स्टॉर्फलाच वाचायला दिलं. त्याने जपून राहायला सांगितलं. शेवटी एर्पेनियसने लायडनला पुस्तक छापलं, लेखकाचं नाव न घालता. पुढचा मोठा ग्रंथ तर प्रोटेस्टंटांच्या विरोधामुळे अडून राहिला आणि १६५० मध्ये पॅरिसला, कॅथलिकांच्या मदतीने निघाला.

पण कापेलला नुसतं हीरो करू नका. ग्रीक अनुवाद वेगळा दिसला की अनुवादकासमोरची हिब्रू पोथीच वेगळी होती, असं तो फार पटकन धरतो. धाकट्या बक्स्टॉर्फने १६५३ च्या उत्तरात नेमकं इथेच बोट ठेवलं: अनुवादक चुकला असेल, किंवा त्याने मोकळं भाषांतर केलं असेल. आम्ही एम.एस्सी.ला ब्लँक न चालवता रीडिंग लिहिलं की सर वही परत करायचे, तसलाच हा आक्षेप. निष्कर्ष चुकलेल्या माणसाचा, पण पद्धतीवरचा आक्षेप रास्त.

१६७५ मध्ये स्विस चर्चांनी एका मतपत्रिकेत स्वरचिन्हं, निदान त्यांचा अर्थ तरी, ईश्वरप्रेरित असल्याचं लिहून टाकलं. हे 'निदान' मला फार बोलकं वाटतं. कापेलचा पुरावा पचलेला नव्हता, पण टोचत होता.

१९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या हिब्रू गुंडाळ्या मिळत गेल्या. त्यांत स्वरचिन्हं नाहीत. यिर्मयाच्या काही तुकड्यांतला हिब्रू मजकूर मात्र खरोखरच ग्रीक अनुवादाशी जुळतो. म्हणजे तिथे अनुवादक चुकला नव्हता, पोथीच वेगळी होती. बाकीच्या ठिकाणी काय, हे अजून एकेक ओळ धरूनच तपासावं लागतं.